खुंट्या रिकाम्या झाल्यावर

आमच्या दुकानात डोंगरावर आणि बर्फात जाणाऱ्यांचे कपडे मिळतात, आणि मी तिथल्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. खिडकी म्हणजे नुसतं काउंटरच आहे, तळमजल्याच्या मागच्या टोकाला, बुटांच्या मांडणीपलीकडे. पण वर 'तक्रार व बदली' अशी पाटी आहे, आणि ती पाटी दिसली की चांगल्या माणसाच्याही अंगात येतं. पिसांचं जॅकेट उकळत्या पाण्यात धुऊन त्याचा पार चोथा करून माझ्यापुढे आपटणारे मी पाहिलेत. अख्खा डोंगर उतरून आल्यावर 'हे बूट घातलेच नाहीत' असं डोळ्याला डोळा भिडवून सांगणारे पाहिलेत, तळाला चिखल तसाच. एका बाईंनी तंबू परत आणला, कारण त्यात नवऱ्याचं घोरणं घुमतं म्हणे. मी सगळ्यांचं ऐकतो, मान हलवतो आणि बदलून देण्यासारखं असेल ते देतो. या नोकरीत माणसांवरचा माझा विश्वास बराच कमी झाला आणि वस्तूंवरचा वाढला. चेन कशाने अडकते, शिवण कुठून उसवते, हे शोधलं की सापडतं.

म्हणूनच पुढचं सांगताना माझा मलाच राग येतो.

दुकानाचं मोठं आकर्षण म्हणजे थंड खोली. आम्ही कामावरचे लोक तिला फ्रीज म्हणतो. जाड दाराची, पत्र्याच्या भिंतींची, बुटांच्या गोदामाला लागून असलेली लहानशी खोली. आत एक बाक, एक आरसा आणि वर घरघरणारा पंखा. गिऱ्हाईकाने निवडलेलं जॅकेट अंगात घालून आत जायचं, बाकावर बसायचं आणि खरोखर ऊब मिळते का ते बघायचं. दाराला काच आहे, पण ती आतून बर्फाने पांढरी होते, पुसली तरी पुन्हा होते. त्यामुळे आत कोण आहे हे बाहेरून दिसत नाही. त्यावर आमची पद्धत ठरलेली. दाराशेजारच्या भिंतीवर लाकडी खुंट्या आहेत. आत जाणाऱ्याने अंगावरचा स्वतःचा कोट खुंटीला लावायचा, बाहेर आला की उतरवून घ्यायचा. संध्याकाळी खुंट्या रिकाम्या झाल्या म्हणजे आत कोणी नाही, मग बाहेरून कडी घालायची. पूर्वी एकदा एक गिऱ्हाईक आत राहता राहता वाचलं होतं, तेव्हापासूनची ही पद्धत.

या दारावर माझी धाकटी बहीण असायची. तिशी उलटली तरी घरात आम्ही तिला छोटीच म्हणायचो. लग्न मोडून ती आमच्याकडे आली तेव्हा बोलणं जवळजवळ बंद होतं. घरातल्या खिडकीशी बसून राहायची. जेवायला हाक मारली की उठायची आणि जेवण झालं की पुन्हा तिथेच. माझ्या बायकोने तिला जपलं, पण जपून किती जपणार. शेवटी मी मॅनेजरच्या हातापाया पडून तिला फ्रीजच्या दारावर लावून घेतलं. हात गोठलेल्या गिऱ्हाइकांच्या चेनी ओढायच्या, टोप्या बांधून द्यायच्या, कोट सांभाळायचे. काम साधंच, पण महिन्याभरात पोरगी हसायला लागली. संध्याकाळी बसमध्ये दिवसभराच्या गमती सांगायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची. मी वरवर 'गप बस, लोक बघतायत' म्हणायचो आणि आतून सुखावायचो. ती पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसू नये, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पहिल्यांदा एक गलेलठ्ठ गृहस्थ माझ्याकडे आले. मी तक्रारीच्या तयारीने चेहरा गंभीर केला. ते म्हणाले, तक्रार नाही, तुमच्या आतल्या माणसाचं कौतुक करायचंय. थंड खोलीत त्याने फार नीट समजावून सांगितलं, दोन जॅकेटं बदलून दाखवली. मला वाटलं, दुसरं एखादं गिऱ्हाईक असेल, काही लोकांना उगाच शिकवायची हौस असते. मी आभार मानले. तक्रारीच्या खिडकीवर कौतुक आलं याचंच मला अप्रूप.

मग एक वयस्कर बाई आल्या. त्यांची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. आतल्या माणसाने चेन हनुवटीपर्यंत लावून दिली, टोपीची नाडी बांधून दिली, असं त्या सांगत होत्या. वाकून वाकून बोलतो, फार अदबशीर माणूस. फक्त हात बर्फासारखे हो त्याचे, त्याला हातमोजे द्या ना तुमच्याकडचे. त्यांच्यामागून आणखी एक, आणखी एक. आमचा मॅनेजर रोज सकाळी सगळ्यांना उभं करून काहीतरी उदात्त ऐकवतो, म्हणून त्याला आम्ही सुविचार म्हणतो. तो तर हरखूनच गेला. हा माणूस कोण, त्याला पुढे आणा म्हणाला. मी सगळ्यांना विचारलं. आत कोणाचीच नेमणूक नव्हती.

त्याच सुमाराला तो कोट दिसायला लागला.

दुकान बंद व्हायच्या वेळी खुंटीवर एक कोट उरला. तपकिरी, जाड लोकरीचा, जुन्या पद्धतीचा, कॉलर ओलसर. फडताळात खूप दिवस बंद राहिलेल्या कपड्यासारखा वास. छोटीने आत जाऊन पाहिलं, मी पाहिलं. बाक रिकामा होता. कोणीतरी विसरून गेलं असेल म्हणून मी तो सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा खुंटीवर. मी दुरुस्तीच्या शिंप्याकडे संशयाने पाहिलं, कारण असल्या थट्टा त्याच्याच. त्याने आईची शपथ घेतली. मी कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. कुलूप तसंच राहिलं, कोट खुंटीवर आला. मी शिवणी तपासल्या, खिसे उलटे केले, अस्तर चाचपलं. कुठेच काही नव्हतं. चांगला शिवलेला, बराच वापरलेला कोट, एवढंच.

सुविचारला रोज या कोटापायी उशीर व्हायला लागला. नियम पाळायचा तर कोट असेपर्यंत कडी घालता येईना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तो एक कोट हिशेबात धरू नका. तो सोडून बाकीच्या खुंट्या रिकाम्या असल्या की बंद करा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कटकट मिटली.

छोटीने मात्र त्या दिवशी बसमध्ये एकही नक्कल केली नाही. उतरायच्या आधी म्हणाली, "दादा, आपला नियम काय आहे? कोट बाहेर म्हणजे माणूस आत."

"आत कोणी नाहीये. तू स्वतः बघितलंस."

"मी बघितलं म्हणून काय झालं," ती म्हणाली.

मला तिचा तो स्वर आवडला नाही. खिडकीशी बसायची तेव्हा ती असंच बोलायची, समोरच्याला सोडून पलीकडच्या कोणाशी तरी बोलल्यासारखं. हे सुविचारच्या कानावर गेलं तर तो तिला कामावरून काढेल आणि ती पुन्हा घरात बसेल, हीच एक धास्ती. मी तिला बजावलं, या विषयावर दुकानात अवाक्षर काढायचं नाही.

पण मी स्वतः एकदा आत गेलो. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गिऱ्हाईक नसताना. माझा कोट खुंटीला लावला, तपकिरी कोटाच्या शेजारी. दुकानाचं जॅकेट घालून बाकावर बसलो. पंखा घरघरत होता. नाकातले केस गोठून टोचायला लागले. आरशावर बर्फाची साय धरली होती, त्यात माझा आकार तेवढा दिसत होता. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "कोण आहे?" माझंच मला हसू आलं. काहीही झालं नाही. अगदी काहीही नाही. बाहेर आलो तेव्हा छोटी माझ्याकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला आणि माझ्या हनुवटीखालची नाडी सोडली. टोपी डोक्यावर घट्ट बसलेली, नाडीची नीट गाठ मारलेली. मी टोपी घातलीच नव्हती.

मी माझा कोट घेतला आणि खिडकीवर जाऊन बसलो.

त्यानंतर मी गिऱ्हाइकांना खोदून विचारायला लागलो. दिसतो कसा? हे कोणालाच धड सांगता येईना. उंच होता म्हणायचे, ठेंगणा होता म्हणायचे. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी. सगळं झालं, चेन लागली, गिऱ्हाईक दाराकडे वळलं, की तो एकच विचारायचा: "बाहेर कोणी वाट बघतंय का तुमची?" कोणी म्हणे बायको गल्ल्यापाशी उभी आहे, कोणी म्हणे मुलगा गाडीत बसलाय. मग तो मागे सरून वाट द्यायचा. गिऱ्हाइकांना यात फार आपुलकी वाटायची. हे लक्षात आलं त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

छोटी आता घरून गरम पाण्याची बाटली आणायला लागली. आत बाकावर ठेवायची, संध्याकाळी परत आणायची. बाटली गोठलेली असायची हे सांगायला नकोच. मग एक दिवस तिने घरातली रजई पिशवीत भरली. बायकोने मला खुणेने दाखवली. मी दुकानात पोचेपर्यंत कळ काढली, आणि बुटांच्या गोदामात तिला गाठलं.

शब्दाने शब्द वाढला. मी म्हटलं, तुला नोकरी नको असेल तर तसं सांग. ती म्हणाली, एवढ्या लोकांना त्याने मदत केली, त्याच्या नावाने दुकानाचं कौतुक होतं, आणि संध्याकाळी आपण त्याच्यावर कडी घालून घरी जातो. तो कोट हिशेबात धरायचा नाही हे कोणी ठरवलं? मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. हे वाक्य तिच्या सासरचे लोक बोलायचे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तरी मी थांबलो नाही. म्हणालो, "आज मी लवकर जाणारे. मी काही थांबणार नाही तुझ्यासाठी. तू ये तुझी तुझी."

ती म्हणाली, "बरं."

त्या संध्याकाळी मी खरंच थांबलो नाही. बसमध्ये बसलो, शेजारची जागा रिकामी होती. घरी बायकोने विचारलं, छोटी कुठे? येईल मागून, असं म्हणून मी जेवायला बसलो. ती आली नाही. रागावली की ती मावशीकडे जायची, तशी गेली असेल असं आम्ही धरून चाललो. मावशीचा फोन लागला नाही, आणि मी पुन्हा पुन्हा लावलाही नाही. रागात होतो.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी दुकानात पोचलो. कडी घातलेली होती. खुंटीवर एकच कोट होता.

राखाडी. माझ्या बायकोचा जुना, छोटीने उसवून स्वतःच्या मापाचा करून घेतलेला.

आत आरसा पुसायला जायचं झालं तरी ती आपला कोट खुंटीला लावायची. नियम सगळ्यांना सारखा, म्हणायची.

मी कडी ओढली. बोटांची सालं दाराच्या आतल्या पत्र्याला चिकटली. आत पंखा घरघरत होता. बाकावर रजई होती, नीट चौकोनी घडी घातलेली. बाकी खोली रिकामी होती.

सुविचारने रडत सांगितलं, त्याने खुंट्यांकडे पाहिलं होतं. एकच कोट होता. रंग त्याने पाहिला नाही. एक कोट हिशेबात धरायचा नाही, हे आमचं ठरलेलंच होतं.

पोलीस आले. खोलीचे पत्रे उचकटले, गोदाम उपसलं. कॅमेऱ्यात छोटी दुकानाबाहेर पडताना दिसली नाही. शेवटच्या गिऱ्हाइकांत तपकिरी कोटातला एक माणूस पाठमोरा दिसला. दारापाशी तो थांबला, मागून येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी त्याने दार धरून ठेवलं, मग तो रस्त्यावरच्या गर्दीत मिसळला. त्याचा पत्ता कोणालाच लागला नाही. मावशीकडे ती कधी गेलीच नव्हती. तपकिरी कोट पुन्हा खुंटीवर आला नाही.

राखाडी कोट पोलिसांनी नेला. तो दुसऱ्या दिवशी खुंटीवर होता. मी तो घरी आणला, कपाटात ठेवला, बायको त्याला धरून रडली. सकाळी कपाट रिकामं.

काही दिवस बंद ठेवून दुकानाने खोली पुन्हा सुरू केली. सुविचार म्हणत होता की ती बंदच राहू दे, मालकांनी ऐकलं नाही. मग मी स्वतःहून दाराचं काम मागून घेतलं. खिडकीही मीच सांभाळतो म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखात माणूस कामात बुडवून घेतो.

पहिल्याच आठवड्यात एक तरुण जोडपं आतून बाहेर आलं. बायको नवऱ्याच्या टोपीची नाडी सोडता सोडता म्हणाली, "तुमच्या आतल्या बाई किती छान आहेत हो."

मी त्या तरुणीचा कोट हातात धरून उभा राहिलो.

"नकला काय करतात गिऱ्हाइकांच्या," नवरा म्हणाला. "पण त्यांना काहीतरी गरम द्या. नुसत्या स्वेटरवर बसल्यात."

मी आत गेलो. हाका मारल्या. चुकलो म्हटलं. मी इथे आहे, मी वाट बघतोय, चल घरी, असं म्हटलं. ओठ फुटेपर्यंत बसलो. शिंप्याने मला ओढून बाहेर काढलं, तेव्हा टोपीची नाडी माझ्या हनुवटीखाली बांधलेली होती. घट्ट नव्हती. लहानपणी शाळेत जाताना मी तिची बांधायचो तशी, सैलसर.

मी रोज जायला लागलो. माझ्याशी ती बोलत नाही. बाहेर कोणी वाट बघतंय का, हेही ती मला विचारत नाही, कारण घरी बायको माझी वाट बघत असते, हे तिला माहीत आहे. सगळ्या गिऱ्हाइकांना मात्र विचारते. गिऱ्हाइकंच सांगतात, मीच विचारून घेतो. हो म्हटलं की ती मागे सरते. सगळे हो म्हणतात. त्या संध्याकाळी एकटी छोटीच नाही म्हणाली असेल. सहकुटुंब खरेदीला येणारी माणसं, दुसरं काय म्हणणार.

आज दुपारी एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, कोट स्वच्छ पण कफ झिजलेले. हिवाळाभर डोंगरातल्या एका झोपडीत राहायला जायचं होतं त्यांना. मी त्यांना चांगलं जॅकेट काढून दिलं, बाह्यांची लांबी बघितली. सोबत कोणी आलंय का, विचारलं.

"नाही."

"घरी कोणी असेल ना? फोन करून विचारायचं असेल रंगाबिंगाचं, तर करा."

"आता कोणी नाही," ते म्हणाले, आणि हसले. चांगला माणूस होता. मला त्यांची दया आली. खरंच आली.

त्यांनी खुंटीवरचा राखाडी कोट पाहिला. "आत कोणी आहे वाटतं."

"आमच्या बाई आहेत. त्या मदत करतील तुम्हाला. निवांत बसा, घाई नाही."

त्यांनी माझे आभार मानले. इतक्या आपुलकीने आजकाल कोण विचारतं, म्हणाले. त्यांचा कोट माझ्या हातात आला, तो अंगाच्या उबेने अजून गरम होता. मी तो खुंटीला लावला आणि दार लोटलं.

तक्रारीच्या खिडकीवर एक बाई बूट घेऊन ताटकळत होत्या. मी जाऊन बसलो आणि त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं.